जोडी मोडली तो हंगाम

दिवाळीच्या पणत्या विझल्या की आमच्याकडचे डोंगर पिवळे पडायला लागतात. पावसात ते हिरवेगार असतात तेव्हा त्यांच्याकडे कुणीही कौतुकाने पाहील. मला ते असे वाळलेले, उन्हाने रापलेले आवडतात. सकाळी बदलापूरच्या पुलावर उभं राहावं, तर उल्हास नदीवर धुकं बसलेलं असतं आणि धुक्याच्या वर, टेकडीच्या उतारावर, विळे चालत असतात. माणसं दिसत नाहीत, नुसतं गवत आडवं पडताना दिसतं. मग ऊन चढतं आणि वास सुटतो. वाळत्या गवताचा वास थोडासा भाजलेल्या पोह्यांसारखा असतो. तो नाकात शिरला की लोकांना म्हणे बालपण आठवतं, माहेर आठवतं. मला बापूसाहेब आठवतात, आणि माझ्या दाढा आपोआप एकमेकींवर घट्ट बसतात.

यंदाही बसल्या. आज सकाळीच, चहा पिताना. आई म्हणाली, एवढी वर्षं झाली, सोड आता. मी म्हटलं, हंगाम सोडतो का दरवर्षी यायचं?

ज्यांनी आमचा धंदा पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगते. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागतं, आणि ते आमच्या डोंगरांवरून जातं. कापलेल्या गवताच्या पेंढ्या बांधून बाया आणि बाप्ये डोक्यावरून भारे आणतात आणि स्टेशनाजवळच्या वखारीत टाकतात. तिथे माणसाच्या उंचीचे लाकडी साचे असतात, झाकण नसलेल्या मोठ्या पेटीसारखे. एकाने वरून पेंढ्या सोडून गवत आत टाकायचं, दुसऱ्याने आत उभं राहून ते तुडवायचं. साचा भरला की वरून दाबायचं, काथ्याने बांधायचं, आणि गासडी बाहेर काढायची. गासड्या रेल्वेच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, भरल्या की हंगामाचं सोनं होतं.

हे काम जोडीचं. तुडवणाऱ्याला वरचं काही दिसत नाही. डोक्यावर गवत, नाकातोंडात धूळ. वरच्याचा हात आणि खालच्याचा पाय यांची ओळख असावी लागते. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला साच्यापुढे नारळ फोडून जोड्या लावतात. ज्या दोघांनी एका नारळाचं खोबरं खाल्लं ते होळीपर्यंत एकमेकांचे. मध्ये भांडलेत तर भांडत काम करतील. एकाला ताप आला तर दुसराही घरी बसेल. मालक वखारीचा असतो, साच्याचा असतो, गवताचाही असतो, पण जोडीचा मालक तो नसतो. हे कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहायची कुणाला कधी गरजही पडली नव्हती.

माझा धाकटा भाऊ दामू तेव्हा विशीत होता. अंगाने चांगला बाप्या, खांदे रुंद, मिशीही फुटलेली. बोलणं मात्र थोडं आणि सावकाश. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहायची, पण राहिली की पक्की राहायची. पाणी आण म्हटलं की तो पाणी आणायचा, आणि पुरे म्हणेपर्यंत आणत राहायचा. एकदा आई पुरे म्हणायला विसरून शेजारी बोलत बसली, तर हंडे भरून अंगणात पाट वाहिला. गाव त्याला खुळा म्हणायचं. माझ्या पाठीमागे म्हणायचं, कारण तोंडावर म्हणणाऱ्यांना माझा अनुभव होता. सासरचं माझ्याशी पटलं नव्हतं आणि माझं सासरशी, म्हणून मी माहेरी परतले होते. शाळा चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं बाजारात. डोक्यावर भारा घेऊन सुरुवात केली, आणि भाव करताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायाकडे बघायचं हे लवकर शिकले. माणूस खरंच निघालेला असला की टाच आधी वळते.

भारे घेऊन आम्ही उल्हासनगरला जायचो. कॅम्पात सिंधी निर्वासित येऊन राहिले होते. लष्कराने सोडलेल्या लांबच लांब बराकी, त्यात गोणपाटाचे पडदे, आणि प्रत्येक पडद्यामागे एक संसार. तीन नंबरच्या कॅम्पात टांगे उभे असत, घोड्यांना गवत लागे. मी टांगेवाल्यांशी भाव करायची आणि दामू मागे भारा डोक्यावर घेऊन उभा राहायचा. एक दिवस सौदा लांबला. मी चांगलीच रंगात आले होते. मागून एक बाई म्हणाली, "इसका बोझा तो उतार दे पहले."

वळून पाहिलं. सैल सलवारीसारखी सुथण, वर कुडता, डोक्यावरून पांढरी ओढणी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. तिचं नाव जमना. कॅम्पात सगळे तिला दादी म्हणत. त्यांच्यात थोरल्या बहिणीला दादी म्हणतात. तिकडे सिंधमध्ये ती शाळेत शिकवायची. इथे एका बराकीच्या टोकाला तिने आपलं वेगळंच काही चालवलं होतं. ऐकू न येणारी, पाय गेलेली, दामूसारखी अशी मोठी झालेली मुलंमुली तिच्याकडे बसत. ती त्यांना चार गोष्टी शिकवी आणि मग दारोदार फिरून त्यांच्यासाठी काम मागे. कुठे शिवणाच्या मशीनवर, कुठे पापडवाल्यांकडे, कुठे अंबरनाथच्या कारखान्यांच्या फाटकावर. भीक मागणाऱ्याला लोक दार उघडायचे, हिला बघून लावून घ्यायचे.

"ये कहाँ काम करता है?" तिने दामूकडे बघत विचारलं.

"माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"ये काम नहीं है, बेटी. ये तेरे पीछे चलना है. तू नहीं रही तो किसके पीछे चलेगा?"

मी तिला तोंडाला येईल ते बोलले. मराठीत बोलले, मग तिला कळावं म्हणून हिंदीत बोलले. ती सगळं ऐकत राहिली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "चाय पियेगी?" तो चहा मी रागातच प्यायले. त्यात वेलची होती, आणि पेला खाली ठेवताना मीच विचारलं, कुठे लावाल त्याला?

त्या वर्षी पाडव्याच्या आधी आम्ही दोघी बापूसाहेबांच्या वखारीत गेलो. बदलापुरातली सगळ्यात मोठी वखार त्यांची. पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. शिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराशी जत्रेला येणाऱ्यांना पाणी पाजायचे, म्हणून लोक त्यांना धर्मात्मा म्हणत. बोलणं इतकं गोड की ऐकून झाल्यावर ओठ पुसावेसे वाटत. दामूचं नाव काढल्यावर ते हसले. खुळा माणूस साच्यात पडला तर काय करायचं, म्हणाले. मी म्हटलं, शहाणी माणसंही दर हंगामाला पडतातच ना तुमच्या साच्यात. जमनादादीने मला कोपराने ढोसलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की पहिले काही दिवस ती स्वतः साच्यात उतरेल, आधी काम शिकेल, मग त्याच्याबरोबर करेल. तो उभा राहिला की मगच ती बाजूला होईल. बापूसाहेबांना ते ऐकून मजा वाटली असावी. ते तयार झाले. मी एकच अट घातली. दामूला पक्का जोडीदार हवा, आणि तो होळीपर्यंत बदलायचा नाही.

"अगं सुभद्रा," ते म्हणाले, "जोडी मोडायची रीत आपल्याकडे आहे का?"

हे वाक्य ते सगळ्यांसमोर बोलले. मी जपून ठेवलं.

दामूचा जोडीदार ठरला गोमा. जांभूळ गावाच्या पलीकडे डोंगरात त्याची वाडी, जातीने ठाकर, अंगात एक हाड जास्त नाही की कमी नाही. बोलायचा थोडं, पण बोलला की वखारीच्या मांडवभर हशा. पहिल्या सकाळी जमनादादी ओढणी कमरेला खोचून साच्यात उतरली तेव्हा सगळी वखार काम टाकून बघायला आली. बाई साच्यात कधी उतरली नव्हती, त्यात ही कॅम्पवाली, त्यात चष्मा. ती शिंकली, घसरली, मानेपर्यंत गवतात गेली आणि पुन्हा उभी राहिली. गोमा वरून म्हणाला, "मास्तरीणबाय, तुमाला बांधू का गासडीत? मुंबैत चांगला भाव यील." ती आतून खळखळून हसली. तेव्हापासून वखारीत तिला कुणी वाकडं बोललं नाही.

तिची रीत मी जवळून पाहिली. आधी ती तुडवायची आणि दामू बघायचा. मग दोघं मिळून तुडवायचे, तिचा हात त्याच्या दंडावर. मग हात सुटला. मग ती साच्याच्या काठावर बसली, मग मांडवाच्या खांबाशी, मग फाटकाशी. मग समोरच्या चहावाल्याकडे, तिथून दामूला ती दिसायची पण ऐकू यायची नाही. आणि एका सकाळी ती आलीच नाही. दामूने वर पाहिलं नाही. गोमाने गवत सोडलं आणि दामूचे पाय पडायला लागले, धप, धप, धप. ती गेली हे त्याला कळलंच नाही. मला कळलं, आणि मला तिचा हेवा वाटला.

गोमाला तिने एकच गोष्ट बजावली होती. थांबायची वेळ झाली की दामूला बस म्हणायचं, विसरायचं नाही. गोमा म्हणाला, "मला काय शिकवता, माझी बायको मला रोज बस म्हन्ते."

ते दिवस आठवले की माझ्या आठवणीत आधी कुसळं येतात. आमच्या डोंगरावरच्या गवताला टोकदार कुसळं असतात, ती कापडात शिरली की धुऊनही निघत नाहीत, एकेक वेचावी लागतात. सगळ्या गावातल्या कर्त्या बाप्यांचे सदरे त्या दिवसांत असे काटेरी झालेले असत. दामू संध्याकाळी घरी यायचा, आणि आई त्याला दारातच बसवून सदऱ्यातली कुसळं काढायची. मी हात लावायला गेले तर माझा हात झटकायची. शेजारीण जाताना म्हणायची, काय मावशी, लेकाने फार कुसळं आणली आज. आई त्रासल्यासारखं तोंड करून म्हणायची, काय करणार बाई, कामाचा माणूस. तिच्या तोंडून हे वाक्य निघताना मी पाहिलेलं आहे. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकांची कुसळं बघत आली होती.

दामू काही फार मोठा कामगार झाला नव्हता, हेही सांगते. त्याची गासडी इतरांच्या गासडीसारखीच असायची, कधी थोडी सैल. आगगाडीची शिट्टी झाली की तो दचकून थांबायचा. एकदा तुडवताना त्याला सरडा दिसला, तर त्याच्यासाठी त्याने अर्धा दिवस साचा रिकामा ठेवला आणि गोमाने तो ठेवू दिला. पण सकाळी उठून त्याला जायला जागा होती. तिथे त्याची कुणीतरी वाट बघत होतं. तेवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच त्यांनी काढून घेतलं.

पौषात मुंबईहून कुणी बडे पाहुणे वखार बघायला आले. बापूसाहेबांनी मांडव शेणाने सारवून घेतला, आंब्याची पानं लावली, आणि दामूला साच्यातून बाहेर काढून पाहुण्यांसमोर उभं केलं. गळ्यात झेंडूचा हार घातला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते बोलले. या अनाथाला मी पोसतो, म्हणाले. जगाने टाकलेल्याला जवळ करावं हाच माझा धर्म, म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई तिथेच, पेंढ्यांच्या राशीपाशी उभी होती, आई असलेला अनाथ बघत. दामू हाराकडे बघत होता. गोमा त्याच्या कानाशी म्हणाला, "खाऊ नको दामूदादा, तो शेटच्या बैलाचा हाय." आसपासचे हसले, आणि बापूसाहेबांनी मान वळवून गोमाकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्याच सकाळी त्यांनी गोमाला रुळांकडे गासड्या वाहायला पाठवलं. दामूच्या साच्यावर वरून गवत टाकायला वखारीचा मुनीम हाताला लागेल त्याला उभं करू लागला. तो माणूस दुपारी भाकरी खायला गेला आणि जाताना दामूला बस म्हणाला नाही. वरून गवत पडायचं थांबलं. दामू तुडवत राहिला. गवत दबून खाली बसलं, बाजूला सरकलं, पायाखाली लाकूड लागलं, तरी तुडवत राहिला. मुनिमाला ते दिसलं. त्याने दोघातिघांना बोलावून दाखवलं, बघा, रिकामा साचा तुडवतोय. ते भाकरी खात खात बघत बसले. काही वेळाने त्यांनाही कंटाळा आला आणि ते उठून गेले.

दिवस मावळताना गोमा रुळांवरून परत आला. त्याने साच्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, बस, दामूदादा, बस. तेव्हा दामू खाली बसला. त्याच्या तळव्यांत लाकडाच्या चोया शिरल्या होत्या, पायांवर माती आणि रक्त. गोमाने त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. आईने दिवा धरला आणि चोया मी काढल्या. दामू रडला नाही. तो पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होता की गासडी होत नव्हती आक्का, किती तुडवलं तरी होत नव्हती.

मी बापूसाहेबांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, मी माणुसकी केली, आता पुरे, त्याला झेपत नाही. अशा माणसाला घरात ठेवावं, दोन वेळा भाकर द्यावी, देवाचं नाव घ्यावं. मी विचारलं, जोडी का मोडलीत?

"वखार माझी, साचा माझा," ते म्हणाले. झोपाळा थांबला नाही.

मी आरडाओरडा करेन अशी त्यांची अपेक्षा होती. माझीही होती. पण माझा राग एकदम थंड झाला. राग गरम असतो तोवर मी निरुपद्रवी बाई आहे. दोन शिव्या देते आणि चहा पिते. मी पदर सारखा केला, रामराम केला आणि घरी आले.

दामू रोज सकाळी उठून दारात बसायचा. पायांना फडकी बांधलेली, अंगात तोच सदरा. आक्का, गोमा आला? मी म्हणायची, नाही आला. थोड्या वेळाने पुन्हा, आक्का, गोमा आला? आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. जमनादादीला कॅम्पात निरोप गेला तशी ती टांग्याने आली, दामूचे तळवे मांडीवर घेऊन पाहिले, आणि मला अंगणाच्या कडेला नेलं. ती उद्या बापूसाहेबांना भेटणार होती. हात जोडून समजावणार होती.

"मुझे उसकी जगह वापस चाहिए," ती म्हणाली. "तेरा बदला नहीं चाहिए."

"मला दोन्ही पाहिजे."

"दोनों नहीं मिलते, सुभद्रा."

"दादी," मी म्हटलं, "तुम्हाला भाव करता येत नाही."

ती गेली, हात जोडले, आणि गोड बोलणं ऐकून परत आली. मी जांभूळच्या वाटेने गोमाच्या वाडीवर गेले. बापूसाहेबांच्या वखारीतल्या बहुतेक जोड्या त्याच वाडीच्या. मला फार बोलावं लागलं नाही. ते आधीच दुखावलेले होते, आणि दामूसाठी नव्हे, स्वतःसाठी. आज दामूची जोडी मोडली तर उद्या कुणाचीही मोडेल. गोमा कुडाला टेकून बसला होता. "नारल आमी खाल्ला," तो म्हणाला, "जोडी त्यानं कशी मोडली?" त्यांना दुसऱ्या दिवसापासूनच कामावर जायचं नव्हतं. मी त्यांना थांबवलं. मी सांगितलं, आज रुसाल तर तो चार दिवसांत दुसरी माणसं आणील. रोज जा. हसत जा. गासड्या बांधा. वाघिणी येऊ द्या.

मालगाडीच्या वाघिणी मिळायला तेव्हा महिना महिना वाट बघावी लागायची. मिळाल्या की त्या ठरल्या वेळात भरायच्या, नाहीतर रेल्वे दंड लावते आणि वाघिणी रिकाम्या घेऊन जाते. इकडे मुंबईच्या तबेल्यांना शब्द दिलेला असतो. सगळ्या हंगामात वखारवाल्याचा गळा असा उघडा पडण्याचा दिवस एकच. मी वाट बघत बसले. दुसरं कुणी देवळात बसतं, मी स्टेशनावर बसायची.

त्या दिवशीची सकाळ फार सुंदर होती. रुळांच्या बाजूला पळस फुलायला लागला होता. वाघिणी येऊन उभ्या होत्या, दारं सताड उघडी. वखारीत गासड्यांच्या भिंती उभ्या होत्या. आणि साच्यांचा आवाज नव्हता. रोज गावभर ऐकू येणारी ती धपधप नव्हती, म्हणून कोंबडीची कुरकुरसुद्धा लांबवर ऐकू जात होती. मी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसले.

ऊन डोक्यावर आल्यावर बापूसाहेब आले. मी त्यांना बसायला सांगितलं नाही. आता मी सुभद्राबाई झाले होते. ते म्हणाले, लोकांना तुम्ही बिथरवलंत. मी म्हटलं, मी एकटी बाई, माझं कोण ऐकतं? मग भाव सुरू झाला. आधी मी अशा गोष्टी मागितल्या ज्या मला नकोच होत्या. मुनिमाला काढा, पाहुण्यांना पत्र लिहा, देवळात उभं राहून सांगा. त्यांनी त्या एकेक नाकारल्या आणि नाकारताना त्यांना थोडा धीर आला. माणसाला काहीतरी जिंकू दिलं की मग तो मोठी गोष्ट सोडतो. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. टाच एकदाही वळली नाही. मग मी तांदूळ बाजूला ठेवले आणि खरं ते मागितलं. नवा नारळ, सगळ्यांसमोर, गोमा आणि दामूची तीच जोडी.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून पाठवा त्याला."

"मला काय सांगता? ज्याचं काम त्याला सांगा."

दामू दारात बसला होता. बापूसाहेब त्याच्याकडे वळले. त्याच्याशी ते आजवर कधी बोललेच नव्हते, त्याच्याविषयी बोलले होते. त्यांना सुरुवात सापडेना. घसा खाकरला, टोपी सारखी केली.

"दामू, कामावर ये."

दामूने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "गोमा कुठाय?"

गोमा कुंपणाशी उभाच होता. "मी हितं हाय," तो म्हणाला. दामू उठायला लागला आणि तळवे टेकताच पुन्हा खाली बसला. गोमाने त्याला सांगितलं की आधी पाय बरे होऊ देत, तोवर मी पण घरीच बसतो. जोडीतला एक आजारी तर दुसरा घरी, हीच रीत. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ पाखडायला लागले होते. ऐन हंगामात वखारीच्या मधोमध एक साचा रिकामा उभा राहिला, त्याला दुसरी जोडी लागली नाही, आणि येताजाता तो त्यांना दिसत राहिला. दामूचे पाय बरे व्हायची मी मुळीच घाई केली नाही. रोज हळद लावली, रोज फडकं बदललं, आणि अजून दोन दिवस जाऊ देत म्हटलं.

बाकीच्या जोड्या त्या दिवशी वाघिणी भरायला गेल्या. मी त्यांना दुपार कलल्यावर सोडलं. त्यामुळे शेवटची वाघीण रिकामी परत गेली. रिकामी वाघीण रुळांच्या जोडावरून जाताना भांडी पडल्यासारखा आवाज करते. मी आजवर पुष्कळ भजनं ऐकली, त्या आवाजाची सर एकालाही नाही.

दामूने होळीपर्यंत काम केलं. इथे मी जिंकले असं लोक म्हणतात, आणि जमनादादी म्हणते की इथेच मी तिचं वाटोळं केलं. कारण पुढच्या पाडव्याला बापूसाहेबांनी तिच्या एकाही मुलाला घेतलं नाही, आणि त्यांचं बघून इतरांनीही दारं लावून घेतली. अंबरनाथच्या एका फाटकावर तिला तोंडावर सांगितलं, बाई, तुमची मुलं गरीब असतात हो, पण त्यांच्या मागे कुणी बहीण निघाली तर आम्ही काय करायचं? ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. तुझ्या एका वाघिणीत माझी किती मुलं गेली, म्हणाली. मी ऐकून घेतलं. मला पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. एका हारासाठी उघडलेली ती दारं होती, हार सुकला की लागणारच होती. पण तिचा राग खरा होता, आणि नुसत्या शब्दांवर तिची बोळवण मला करायची नव्हती. मी म्हटलं, दादी, मी वखार काढते. सगळी द्या मला.

"सब नहीं दूँगी," ती म्हणाली. सगळी एकाच मांडवाखाली गोळा करायची नाहीत, लोक त्याला खुळ्यांची वखार म्हणतील आणि तिने आयुष्यभर केलेलं फुकट जाईल. प्रत्येक जोडीत एक तिचा असेल आणि एक वाडीवरचा, तरच ती देणार. आम्ही दोघी त्यावर फार भांडलो. शेवटी तिचं मान्य झालं. तुम्हाला भाव करता येत नाही म्हणणाऱ्या मला तिने त्या दिवशी चांगलं शिकवलं.

वखार उभी राहिली, ती कशी राहिली ते माझं मला ठाऊक. गोमाची वाडी माझ्याकडे आली. डोंगर तेच, गवत तेच, फक्त भारे उतरायचा उंबरा बदलला. ऐकू न येणारी एक मुलगी आता काथ्या वळते आणि तिची जोडीदारीण दिवसभर तिच्याशी हातवारे करून चुगल्या करते. एक पाय गेलेला एक जण वरून गवत टाकतो. बापूसाहेबांच्या वखारीत एकामागून एक साचे बंद झाले. मांडवाचं छप्पर खचलं, ते त्यांनी पुन्हा घातलं नाही.

मी जागा मुद्दाम त्यांच्या समोरच घेतली. त्यांच्या घरून स्टेशनाकडे जायला दुसरी वाट नाही, ते बघूनच घेतली. आता ते थकले आहेत, संध्याकाळी काठी टेकत फिरायला निघतात. ते आले की साच्याच्या काठावरून दामूचं डोकं वर येतं, केसांत गवत, आणि तो मोठ्याने म्हणतो, रामराम बापूसाहेब. त्याच्या मनात काही नाही. कधी नव्हतंच. ओळखीचा माणूस दिसला याचा त्याला आनंद होतो. जमनादादीने एकदा ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"देख," ती म्हणाली, "उसने माफ कर दिया."

"त्याने केलं असेल," मी म्हटलं. "पाय त्याचे होते, त्याचा हक्क आहे. मी केलेलं नाही."

गोमा मला म्हणाला होता, याला सांगू का, नको घालत जाऊ रामराम म्हणून. मी म्हटलं, घालू दे. रोज घालू दे. कारण रामराम आला की बापूसाहेबांना थांबावं लागतं. सगळ्या जोड्या हात थांबवून बघत असतात. त्यांना काठी डाव्या हातात घ्यावी लागते, उजवा हात वर करावा लागतो, आणि ज्याला त्यांनी पोसलं होतं त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं, कारण साचा उंच आहे. मी गासडीवर बसलेली असते. तो हात कपाळापर्यंत पुरा जाईस्तोवर मी नजर काढत नाही.